तुटलेला तुकडा टाकू नका!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही सगळे कोकणातल्या घरी जमलो होतो. दुपारी मोठी माणसं जरा आडवी झाली आणि माझा भाचा सायकल घेऊन ओटीवरून थेट माजघरात निघाला. धाडकन् आवाज झाला. उठून पाहते तो काय, माजघराच्या दाराभोवतीची नक्षीची पट्टी खालून वीतभर तुटलेली!

"मी नाही केलं," तो म्हणाला.

संध्याकाळी सुतारकाका आले. पट्टी माझ्या आजोबांच्या वेळची, फणसाच्या लाकडाची. काका म्हणाले, "सगळी काढायला नको, बाय. मोडली तेवढीच नवी जोडू. पण तुटलेला तुकडा कुठाय? वरची पट्टी चौकटीला ठोकलेली. तुकडा हातात असला, तर कागदावर उभा धरून भोवतीनं पेन्सिल फिरवता येते. गोलाईचं बरोब्बर माप मिळतं."

भाचा गप्प. मग हळूच मागच्या दारी गेला आणि बंबाजवळच्या लाकडांतून तुकडा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी तो बंबात जाणार होता! त्याचे डोळे भरून आले होते. काका एवढंच म्हणाले, "शाबास! आता काम होईल."

वरच्या पट्टीचं तुटकं टोक काकांनी सरळ नाही, तर ४५ अंशांत तिरकं कापलं. का बरं? लाकूड आकसलं की सरळ सांध्यात फट दिसते. तिरक्या सांध्यात एक टोक दुसऱ्यावर चढतं, फट झाकली जाते. नव्या लाकडाच्या रेषाही जुन्यासारख्या उभ्याच घेतल्या. रंध्याने, पटाशीने गोलाई काढली. काचपेपर मारायचं काम भाच्याकडे! आधी खरखरीत, मग बारीक, आणि रेषांच्या दिशेनेच. आडवा मारला तर ओरखडे उठतात आणि पॉलिश केल्यावर ते जास्तच दिसतात.

खरी पंचाईत रंगाची. ताजं फणसाचं लाकूड हळदीसारखं पिवळं. जुनं मात्र वर्षानुवर्षं उजेड आणि हवा लागून तपकिरी झालेलं. म्हणून काकांनी पॉलिश आधी उरलेल्या लाकडावर लावलं, वाळू दिलं आणि उजेडात जुन्या तुकड्याशेजारी ठेवून पाहिलं. तिसऱ्या खेपेला रंग जुळला.

नीट पाहिलं तर सांधा आजही दिसतो. भाचा आलेल्या पाहुण्यांना तो मुद्दाम दाखवतो. "हे मीच मोडलं होतं, आणि काकांबरोबर मीच नीट केलं!"

मुलांनो, एक प्रयोग करा. ताज्या रंधलेल्या लाकडाचा तुकडा सुताराकडून मागून आणा. अर्ध्या भागावर काळा कागद घट्ट बांधा आणि महिनाभर उन्हात ठेवा. मग कागद काढून दोन्ही भागांचे रंग पाहा.

आणि पालकहो, पुढच्या वेळी काही मोडलं, तर "कोणी मोडलं?" असं विचारण्याआधी "तुकडा कुठाय?" असं विचारून पाहा. बाकीचं मूल आपणहून सांगेल.

तुमच्या बाई