'हात' म्हणजे नेमके काय?

'हा आपला विषय नव्हे' हे वाक्य मराठीच्या प्राध्यापकांच्या फार सोयीचे झाले आहे. वैद्यकीय माहितीच्या संगणकीय मांडणीविषयी एका चर्चासत्रात बोलू लागलो, तेव्हा आम्हांलाही तेच ऐकावे लागले. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. हा आपलाच विषय आहे आणि तो आपण हातचा घालवीत आहोत.

सटाण्यात कोणी 'हात मोडला' म्हणाले, तर पंजा की दंड, हे ऐकणारा विचारून घेतो. संगणक विचारीत नाही. म्हणून त्याला संकल्पनांची एक सामायिक संदर्भ-मांडणी आधीच पुरवावी लागते; तिला 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. वॉशिंग्टन विद्यापीठात कॉर्नेलियस रॉस व सहकाऱ्यांनी रचलेली मानवी शरीराची मांडणी हा तिचा मान्यवर नमुना. सुमारे ७५ हजार संकल्पना. आणि प्रत्येक गोष्ट कोणत्या प्रकारची व कशाचा भाग, हे तीत वेगवेगळे नोंदलेले. अंगठा हे एक बोट आहे, पंजाचा भाग आहे, पण अंगठा म्हणजे पंजा नव्हे. हे बाळबोध वाटेल. परंतु ही दोन नाती मिसळली की यंत्राचे निष्कर्ष कोसळतात.

आता आपले परिभाषाकोश पाहा. इंग्रजी शब्दासमोर एक मराठी, बहुधा संस्कृत, शब्द. त्यामागचे कष्ट आम्ही नाकारीत नाही. पण 'अंगावर जाते' असे सांगणारी बाई पांढऱ्या स्रावाविषयी बोलते की रक्तस्रावाविषयी? 'कावीळ' हे लक्षण की रोग? तापमापकात न दिसणारी 'कणकण' कुठे नोंदवायची? चुकीच्या रकान्यात गेलेली तक्रार पुढच्या डॉक्टरपर्यंत चुकीचीच पोहोचते.

भारत २०१४ पासून 'स्नोमेड सीटी' या आंतरराष्ट्रीय परिभाषेचा सदस्य आहे. तिचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. तीत साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. प्रत्येकीला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली अनेक भाषांतील नावांना जागा. जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-११' वर्गीकरणात दाखल झाल्या. वैद्यांनी आपले शब्द तिथवर नेले. बागलाणातल्या रुग्णाची मराठी आणि अहिराणी कोण नेणार? त्याच वर्षी ऑक्टोबरात मिळालेल्या अभिजात दर्जाचे पेढे तर आपण सर्वांनी खाल्ले.

शब्द असे जखडले तर भाषा मरेल, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. तो अज्ञानातून येतो. जखडली जाते ती संकल्पना. शब्द हवे तितके असू शकतात. प्रमाण मराठी आणि अहिराणी शब्द एकाच क्रमांकाखाली शेजारी बसतात, कोणी शुद्ध नाही, कोणी अशुद्ध नाही. इतका उदारपणा आमच्या अभ्यासमंडळांनी तरी कधी दाखवला?

हे काम अभियंत्यांचे, असे म्हणणाऱ्यांनी बॅरी स्मिथ यांचे नाव पाहावे. या क्षेत्राच्या अग्रभागी असलेले हे गृहस्थ मूळचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. आणि अमरकोश? तो अकारविल्हे नाही, वर्गांनी रचलेला आहे. अवयव आणि रोग त्यात मनुष्यवर्गात येतात. राज्यव्यवहारकोशही वर्गवारच. हे आपण कोशवाङ्मयाचा इतिहास म्हणून शिकवतो, त्यावर टीप विचारतो आणि मोकळे होतो.

एम. ए.च्या एखाद्या विद्यार्थ्याने रीतसर परवानगी घेऊन, नावे वगळून, रुग्णांच्या तक्रारी त्यांच्याच शब्दांत टिपाव्यात आणि प्रत्येक शब्दाचे अर्थ वेगळे करून दाखवावेत. असा प्रबंध आम्ही आनंदाने तपासू. 'हात' आणि 'पाय' या दोन शब्दांतच पहिले सत्र संपेल.