चष्म्याआधी चिठ्ठी

मेंदूला मार लागलेल्यांना आभासी वास्तवाचा चष्मा लावून सुपरमार्केटात फिरवण्याबद्दलचा लेख वाचला. उत्साह जरा जास्तच! वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात पक्षाघाताच्या रुग्णांवरील आभासी वास्तवाच्या ७२ चाचण्या तपासल्या; हाताच्या हालचालीसाठी हे तंत्र नेहमीच्या उपचाराहून सरस ठरलं नाही. जोडीला घेतलं तर उपयोग दिसला, एवढंच.

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागल्यापासून माझा धाकटा भाऊ चार जिन्नस आणायला गेला की दोन विसरतो. आई चिठ्ठी देते; ती खिशात ठेवायची, बाजारातून निघताना तेवढी उघडायची. परवा चिठ्ठी बघून तो हळदीसाठी मागे फिरला.

चष्मा येऊ द्या, पण आधी अशा साध्या युक्त्या शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट तालुक्याला द्या.

– एक वाचक, आलापल्ली