बाथटब रंगवताय? आधी रिमूव्हरचा डबा वाचा

जुना बाथटब पिवळा पडला की नवा बसवण्यापेक्षा घरीच रंगवून घ्यावा, असे वाटणे साहजिक आहे. खर्च वाचतो. माझा विरोध रंगाला नाही. जुना थर काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका रसायनाला आहे.

काही पेंट रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड म्हणजेच डायक्लोरोमिथेन असते. ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे साध्या तापमानालाही झपाट्याने उडते. त्याची वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असल्याने टबातच साचते आणि काम करणारा नेमका तिथेच वाकलेला असतो. आधी डोके जड होते, चक्कर येते, दारू चढल्यासारखे वाटते. प्रमाण वाढले की शुद्ध हरपते, श्वास थांबू शकतो. शिवाय शरीरात या रसायनापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला चिकटतो आणि हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो. हृदयरोग्यांना धोका अधिक.

अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचे असे काम करताना किमान १३ कारागीर दगावल्याची नोंद तिथल्या सीडीसी या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. सगळे घरांच्या बाथरूममध्ये, पुरेशी हवा नसताना. २०१९ मध्ये तिथे सामान्य ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर बंदी आली.

म्हणूनच ‘खिडकी उघडी ठेवा’ ही सूचना मला पुरेशी वाटत नाही. साधा किंवा एन-९५ मास्क ही वाफ अडवत नाही. आणि कारागीर बोलावला की प्रश्न सुटला, असेही समजू नका. त्याच्या हातातला डबाही वाचा.

काय करावे?

• डब्यावर वरीलपैकी कोणतेही नाव असेल, किंवा घटकच लिहिलेले नसतील, तर तो वापरू नका.
• जुन्या टबच्या इनॅमलमध्ये शिसे असू शकते. कोरडे घासू नका. ती धूळ लहान मुलांना घातक असते.
• दोन भाग मिसळून फवारायच्या काही रंगांत आयसोसायनेट असते. दमा असलेल्यांनी दूर राहावे.
• कोणी आत कोसळले तर दार उघडा आणि लगेच मदत बोलवा: आपल्याकडे १०८, अमेरिकेत ९११. वाफ भरलेल्या खोलीत स्वतः धावत शिरू नका.

हे जमणार नसेल तर टब आहे तसाच वापरा. पिवळ्या डागांनी कुणी आजारी पडत नाही.