भय कोठे संपते?

भयपट काहींना आवडतो, काही तो टाळतात. 2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा आमचे काही विद्यार्थी मिटक्या मारीत ती पाहत, काही उठून जात. स्वभावभेद असतोच, परंतु उठणाऱ्यांना भित्रे म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. भूत खोटे, ही खात्री असणाऱ्यालाच भयाची मौज लाभते. ज्याच्या घरी आजारपणात आधी भगत गाठतात, त्याचे भय टीव्ही बंद केल्यावरही संपत नाही.

मज्झिमनिकायातील भयभेरव सुत्तात बोधिसत्त्व अरण्यात रात्री राहतात. मोराने काडी पाडली, वाऱ्याने पाने सळसळली, की भय येई. ते पळाले नाहीत. रावेरच्या केळीबागांतही रात्री पाने सळसळतात. मुलांना भयपटास बसवून धीट करू नये. त्यांच्यासोबत बॅटरी घेऊन बागेत जावे.