जो बोलेल तोच असेल

१५ जानेवारी १९२४ रोजी लंडनहून बीबीसीने ‘डेंजर’ नावाची एक छोटी नाटिका प्रक्षेपित केली. लेखक रिचर्ड ह्यूज तेव्हा तेवीस वर्षांचा होता. वेल्समधली कोळशाची खाण बघायला उतरलेली माणसं, अचानक गेलेले दिवे आणि चढत जाणारं पाणी, एवढाच तिचा ऐवज. शेक्सपिअरची नाटकं त्याआधी माइकसमोर करून झाली होती. पण ती ऐकणाऱ्याला नाट्यगृहाच्या बंद दाराबाहेर उभं राहिल्यासारखं वाटे. आत काहीतरी चाललंय आणि ते आपल्याला दिसत नाही. ह्यूजने पात्रांचीच दृष्टी काढून घेतली. खाणीत अडकलेल्यांना काही दिसत नाही, घरी बसलेल्यालाही नाही; दोघांच्या हाती सारखाच काळोख. ब्रिटनमध्ये खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून ‘डेंजर’ची नोंद होते. नव्या माध्यमाची उणीव लपवण्याऐवजी तिच्यावरच नाटक उभारायचं, हे पहिल्याच लेखकाला सुचलं याचं मला फार मोल वाटतं.

पण प्रत्येक गोष्ट खाणीत घडत नाही. बाजार, राजवाडा, स्वयंपाकघर, आगगाडी हे सगळं कानांपुढे उभं करायचं होतं आणि त्यासाठी पुढची तीस वर्षं खर्ची पडली. १९२८ च्या सुमारास बीबीसीत नट एका स्टुडिओत, वाद्यवृंद दुसऱ्यात, आवाजांचे इफेक्ट्स तिसऱ्यात आणि या सगळ्यांची बटणं निर्मात्याच्या हाताखाली, अशी व्यवस्था आली. नाटकाच्या खास स्टुडिओत एका टोकाच्या भिंती मऊ आच्छादनाने मढवलेल्या असत. तिथे आवाज घुमत नाही, म्हणून ते उघडं माळरान. दुसऱ्या टोकाच्या भिंती कडक, तो दरबार किंवा देवळाचा गाभारा. रिबन माइक तर नटांचा जिवलग झाला. हा माइक समोरून आणि मागून ऐकतो, दोन्ही कडांना मात्र बहिरा असतो. त्यामुळे दोन नट समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या डोळ्यांत बघत बोलू शकत, आणि एखादा जरा कडेला सरकला की श्रोत्याला तो खोलीच्या पार पलीकडे गेलेला वाटे. रंगमंचावर जे अंतर चार-पाच ढांगांत कापावं लागतं, ते इथे अर्ध्या पावलात संपतं.

इफेक्ट्सच्या कथा सगळ्यांनाच आवडतात. नारळाच्या करवंट्यांचे घोडे, चुरगळलेल्या जिलेटीनच्या कागदाचा वणवा, पत्र्याचा गडगडाट. त्या खऱ्या आहेत, पण त्यांच्यामुळे नभोनाट्य म्हणजे आवाजांचा खेळ असा गैरसमज पसरला. एक साधी गोष्ट करून बघावी. कौलांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज कुणाला काही न सांगता ऐकवावा. निम्मे लोक सांगतील, कढईत काहीतरी तळतंय. नुसता आवाज स्वतःची ओळख देत नाही, त्याची ओळख शब्दाला द्यावी लागते. आणि तीही आवाज येण्याआधी. “आभाळ भरून आलंय, कपडे आत घे,” असं आई म्हणाली की पुढचा सरसर आवाज पाऊसच. नवखा लेखक नेमकं उलटं करतो. आधी आवाज देतो आणि मग पात्राकडून वदवतो, “अरे, हा तर पाऊस!” त्याहून वाईट म्हणजे, “वा, तू आज ती लाल काठाची हिरवी साडी नेसलीस वाटतं!” अशी वाक्यं जिवंत माणूस बोलत नाही. श्रोत्याला हे एका क्षणात कळतं आणि त्याचा नाटकावरचा विश्वास उडतो.

या कलेचं मर्म निवडीत आहे. ३० ऑक्टोबर १९३८ ला ऑर्सन वेल्सने अमेरिकेत ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ केलं. मंगळावरून आलेल्या यंत्रांच्या बातम्या नाचगाण्याच्या कार्यक्रमात मध्येच घुसत राहतात, अशी त्याची रचना. त्या रात्री देशभर हाहाकार माजल्याचं वर्तमानपत्रांनी बरंच फुगवून छापलं आणि आपण आजही तेवढंच आठवतो. मला त्यातलं एकच स्थळ महत्त्वाचं वाटतं. घटनास्थळावरचा वार्ताहर बोलता बोलता तुटतो आणि काही सेकंद रेडिओवर काहीच नसतं. वार्ताहराची भूमिका करणाऱ्या फ्रँक रीडिकने आदल्या वर्षीच्या हिंडेनबुर्ग वायुनौकेच्या दुर्घटनेचं ध्वनिमुद्रित वर्णन पुन्हा पुन्हा ऐकून आपला आवाज घडवला होता. तो आवाज इतका खरा होता, म्हणून त्यानंतरची स्तब्धता भयंकर झाली. कुठलाही स्फोट तिची जागा घेऊ शकला नसता.

सॅम्युएल बेकेटने हाच विचार शेवटपर्यंत नेला. त्याचं ‘ऑल दॅट फॉल’ जानेवारी १९५७ मध्ये बीबीसीने केलं, निर्माता डोनाल्ड मॅक्व्हिनी. मॅडी रूनी ही थकलेली म्हातारी आपल्या आंधळ्या नवऱ्याला आणायला स्टेशनावर निघाली आहे. तिचं पाय ओढणं, धापा, वाटेवरची वाहनं, उशिरा आलेली गाडी हाच प्रवास. सुरुवातीला ऐकू येणारे गाई-मेंढ्यांचे आवाज मॅक्व्हिनीने माणसांकडून काढून घेतले, खरी जनावरं वापरली नाहीत. कारण हे गाव तिच्या डोक्यातलं होतं. एका प्रसंगी स्टेशनावर बाकीचे आपापसात बोलत राहतात, मॅडी थोडा वेळ गप्प असते, आणि मग आपण इथे नसल्यासारखंच सगळे वागताहेत असं ती बोलून दाखवते. रंगमंचावर ही तक्रार साधी ठरली असती. रेडिओवर ती अक्षरशः खरी आहे. तेवढा वेळ ती श्रोत्यासाठीही नव्हतीच. या माध्यमात जो बोलेल तोच असतो, आणि दृश्यात चार-पाच पात्रं भरणाऱ्या लेखकाने दर थोड्या वेळाने प्रत्येकाला तोंड उघडायला लावलं पाहिजे, नाहीतर ती माणसं विरून जातात.

आपल्याकडे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. चाळीसच्या दशकाच्या आरंभी दिल्ली केंद्रावर सआदत हसन मंटो, कृष्णचंदर, उपेंद्रनाथ अश्क अशी माणसं पगारावर नाटकं लिहीत होती. मंटोने तिथल्या जेमतेम दीड वर्षात शंभराच्या वर रेडिओ-नाटकं लिहिली. सरकारी कचेरीतल्या टेबलावर इतकं अस्सल लेखन झालं, कारण लेखकाला ठरावीक मुदत, ठरावीक लांबी आणि हाताशी असलेले नट मिळत होते.

मराठीच्या हाती तर याहून मोठी सामग्री होती, आणि तिच्यावरच मला अधिक बोलायचं आहे. मराठी माणूस तोंड उघडतो तेव्हा आपण कोण, कुठले आणि समोरचा आपला कोण हे सगळं पहिल्या दोन शब्दांत सांगून मोकळा होतो. “अहो, ऐकलंत का?” झालं, नवरा-बायको उभे राहिले, घरही उभं राहिलं. “काय वो पाव्हणं” म्हटलं की घाटावरचं गाव. “खंय गेललंस?” म्हटलं की तळकोकण. “कुठं चालला बे?” म्हटलं की नागपूर. सासू ‘अगं’ कुणाला म्हणते आणि ‘अहो’ कुणाला, मित्र ‘तू’वरून अचानक ‘तुम्ही’वर कधी येतो, यांत अख्खं नाटक घडू शकतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला नातं पोचवायला वेगळं वाक्य खर्चावं लागतं, आपल्याकडे ते क्रियापदालाच चिकटलेलं असतं. रंगमंचावर ही सोय असली तर बरी. नभोनाट्यात तोच नेपथ्याचा पडदा.

मुंबई आकाशवाणीवरची ‘पुन्हा प्रपंच’ ही मालिका आठवणारी पिढी अजून आहे. पंत, मीना वहिनी आणि टेकाडे भावोजी. पात्रांची नावंही नात्यांतून आलेली. बाळ कुडतरकरांचे भावोजी आणि नीलम प्रभूंच्या मीना वहिनी यांचे चेहरे बहुतेकांनी कधी पाहिले नव्हते, तरी घरोघरी त्यांची ओळख होती. रत्नाकर मतकरींच्या लेखनाची सुरुवात १९५५ मध्ये मुंबई आकाशवाणीने केलेल्या ‘वेडी माणसं’ या एकांकिकेने झाली. तेव्हा ते अजून विशीतही आले नव्हते. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांत वर्षानुवर्षं होते. बोलीचा कान असलेला लेखक नेमका ध्वनीच्या कारखान्यात बसला होता.

आणि गीतरामायण? १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्रावरून आलेली ती ५६ गीतं आपण गाणी म्हणून जपली. मी त्यांना मराठीतलं सर्वांत मोठं नभोनाट्य म्हणेन. ग. दि. माडगूळकरांनी जवळजवळ प्रत्येक गीत कुणाच्या तरी तोंडी घातलं: कौसल्या, भरत, सीता, शबरी. सुधीर फडक्यांच्या चाली आणि माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके यांच्यासारखे वेगवेगळे आवाज. प्रसंग कुठे घडतो, समोर कोण आहे, हे सगळं बोलणाऱ्याच्याच शब्दांतून कळतं. पुणे केंद्र सुरू होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. पुढे फडके एकट्याने सगळी गीतं गाऊ लागले. ते प्रयोग थोरच होते, पण त्यांत मूळची पात्रयोजना मागे पडली, हेही नोंदवायला हवं.

आज मराठीत पुन्हा ऐकण्याचे दिवस आले आहेत. फोनवर पुस्तकं ऐकणारे, पॉडकास्ट ऐकणारे रोज भेटतात. तिथे बहुतेक वेळा एक आवाज छापील मजकूर वाचत असतो. ते वाचन चांगलं असतं, पण त्यात दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. कुणी माइकच्या कडेला सरकत नाही. जिथे नाटक करण्याचा प्रयत्न होतो, तिथे संगीताचा अखंड थर आणि प्रत्येक हालचालीला विकतचा इफेक्ट. स्तब्धतेवर कुणाचा भरवसा नाही. १९२४ ते १९५७ या काळात इतरांनी शिकून ठेवलेलं आणि आपल्या केंद्रांवर तीन-चार पिढ्यांनी मराठीत रुजवलेलं ज्ञान या नव्या मंडळींपर्यंत पोचलेलंच नाही. यात त्यांचा दोष नाही. त्यांना ऐकायला काय मिळतं?

‘डेंजर’च्या त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही, कारण तेव्हा ती सोयच नव्हती. आपल्याला ही सबब नाही. आकाशवाणीने आपल्या संग्रहातलं अभिजात संगीत लोकांसमोर आणलं, तसंच नभोनाट्यांचंही करावं. मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवर ज्या फिती आणि संहिता शिल्लक असतील त्यांची सूची आधी छापावी: लेखक, निर्माता, नट, प्रक्षेपणाची तारीख. संहिता विद्यापीठांच्या मराठी आणि नाट्य विभागांना द्याव्यात, कारण बोलींचा एवढा वापर झालेले कागद दुसरीकडे सहज सापडणार नाहीत. त्यासोबत आठवड्याला अर्ध्या तासाच्या एका नव्या नाटकाला जागा द्यावी, लेखकाला आणि नटांना योग्य मानधन द्यावं आणि तालमीसाठी एक पूर्ण दिवस स्टुडिओ मोकळा ठेवावा.