सात तासही जड झाले?

महाड तालुक्यातल्या वीरसारख्या गावचा कर्णबधिर माणूस दवाखान्यात जातो, तेव्हा डॉक्टर बहुधा सोबतच्या भावाला विचारतात, “याला काय होतंय?” पोट दुखतंय एकाचं, जबानी दुसऱ्याची. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क असला, तर ओठ वाचायचीही सोय नाही. यात दुष्टावा नसतो. अशा रुग्णाशी कसं बोलायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

शिकवायचं म्हटलं की हरकती निघतात. अभ्यासक्रम आधीच ओसंडतोय म्हणे! एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत पायाभूत वर्गात दिव्यांग रुग्णांशी कसं वागायचं हे शिकवायला होते अवघे ७ तास. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या ३१ ऑगस्ट २०२४च्या मार्गदर्शिकेतून तेही गळाले. दिव्यांग संघटना खवळल्या, इतर मुद्द्यांवरही टीका झाली आणि ५ सप्टेंबरला मार्गदर्शिका मागे घ्यावी लागली. मुळात हा आयोगाच्या मर्जीचा मामलाच नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४७ डॉक्टर, परिचारिका, अगदी आशाताईंच्याही शिक्षणात हा विषय घालायला सांगतं.

असे रुग्ण असतात किती, हा दुसरा सवाल. २०११च्या जनगणनेत दिव्यांग होते २ कोटी ६८ लाख, त्यांतले सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात. तिथे पुनर्वसनतज्ज्ञ कुठला? भेटतो तो बहुधा नुकताच पास झालेला डॉक्टर. तेव्हा ‘ते तज्ज्ञांचं काम’ ही पळवाटही बंद.

‘सहानुभूती शिकवून येत नाही’ हा आक्षेप मात्र वजनदार. कबूल, नाही येत. पण रुग्णाशीच बोलणं, मास्क खाली करून समोर बसणं, चाकाच्या खुर्चीतून टेबलावर कसं घ्यायचं ते आधी त्यालाच विचारणं, अंध बाईला दोन गोळ्यांच्या पट्ट्या ओळखता याव्यात म्हणून एकीला रबर बांधून देणं, हे कसब आहे. टाके घालण्यासारखा त्यावर हात बसतो, आणि त्याची परीक्षाही घेता येते.

शिकवायला दिव्यांग माणसंच हवीत. याच महाड तालुक्यात, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांच्या खाटेपाशी जे शिकले, ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. इथल्या रुग्णांकडून शिकण्यात कमीपणा कसला?

कुटुंब दत्तक उपक्रमात वैद्यकीय विद्यार्थी गावोगाव जातातच. याच जिल्ह्यातल्या अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने एवढं करावं: प्रत्येकाच्या वाट्याला दिव्यांग सदस्य असलेलं एक घर द्यावं, आणि संवादाचे गुण त्या सदस्याच्या हाती सोपवावेत.