नव्वद गुण आणि अकोल्याचा मे

अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हाही वाइन शॉपच्या सगळ्यात वरच्या फळीवर लाल वाइनची बाटली उभीच असते. (पाटीवर नाव वाइनचं, धंदा रम-व्हिस्कीचा.) मानेवरच्या वेष्टणाखाली बूच किंचित वर आलेलं, कडेला सुकलेला चिकट ओघळ. पोटावर मात्र सोनेरी चकती झळकते : 90 गुण. दुकानदार म्हणतो, "घ्या भाऊ, नव्वद मार्क हायेत याले."

गुणांचे पाठीराखे सांगतात की नवख्या गिऱ्हाइकाला लेबल कळत नाही, आकडा कळतो. आणि जाणकाराची जीभ म्हणजे तराजू. यातला पहिला भाग खरा आहे. रॉबर्ट पार्कर या अमेरिकी वकिलाने 1978 मध्ये जाहिराती न घेणारं वाइनविषयीचं पत्रक काढलं आणि शंभरपैकी गुण रूढ केले, ते गिऱ्हाइकाच्या सोयीसाठीच. त्याची मोजणी 50 पासून सुरू होते. म्हणजे परीक्षेला नुसतं बसलं तरी निम्मे गुण पदरात!

तराजूचं मात्र पटत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यातल्या वाइन स्पर्धेत संशोधक रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांपुढे एकाच बाटलीतली वाइन, न सांगता, तीनदा ठेवली. तिन्ही वेळा जवळपास सारखाच निवाडा देणारे निघाले दहांत एक. 2008 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. मिनिटागणिक काटा हलवणारा तराजू अकोल्याच्या कापूस बाजारात कोणी एक दिवस चालू देणार नाही.

मग दुसरा पक्ष पुढे सरसावतो : समीक्षा हे सगळंच थोतांड. हा निष्कर्षही घाईचा आहे. 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच परीक्षकांना लेबल झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन पाजल्या. लाल आणि पांढरी, दोन्हींत पहिली आली कॅलिफोर्निया. ओदेत कान या परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली म्हणतात. लेबल झाकलं की जीभ देशाभिमानही विसरते. याच स्परियर यांनी पुढे बंगळुरूजवळच्या ग्रोव्हर वाइनरीच्या 'ला रिझर्व्ह' या लाल वाइनची वाखाणणी केली, तेव्हा भारतीय वाइनकडे जगाचं लक्ष गेलं. आकडा डळमळीत असतो म्हणून निरीक्षण खोटं ठरत नाही.

तेव्हा समीक्षकाकडून गुण नकोत, माहिती हवी. द्राक्षं कुठली, तोडणी कधीची? युरोपात तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर; आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. फ्रेंच पंचांगाने नाशिकची वाइन मोजणारा इथेच चुकतो. वास सांगताना 'गूजबेरी' लिहिणारा वऱ्हाडी वाचकाला काय सांगतो? सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनला कैरीचा, ढोबळी मिरचीचा वास येतो म्हणावं, समजतं. ठेच्याबरोबर कडक लाल वाइन घेतली तर जाळ वाढतो, थोडी गोडसर, थंड शेनिन ब्लाँ निभावून नेते, हेही त्यानेच सांगावं.

आणि पैसे कोणी दिले, तेही. दारूच्या उघड जाहिरातीला आपल्याकडे बंदी आहे. त्यामुळे जाहिरातीचं काम कौतुकाच्या लेखावर येऊन पडतं. फुकटची बाटली, मळ्यातला मुक्काम, मग चार ओळी. समीक्षकाने हे तळटीपेत लिहिलं तरी निम्मा संशय जाईल.

राहिला अकोल्याचा प्रश्न. समीक्षक चाखतो ती बाटली तळघरातली, बारा-पंधरा अंशांत ठेवलेली. वऱ्हाडातला उन्हाळा काढलेली बाटली ही वेगळीच वस्तू : ताज्या फळाचा वास गेलेला, चव शिजवलेल्या मुरंब्यासारखी. नव्वद गुण तळघराच्या दारातच संपतात. 27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचं ठरवलं, विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही. त्या गदारोळात शेतकरी आला, संस्कृती आली, महसूल आला. बाटली किती तापमानात ठेवायची, हा प्रश्न फारसा ऐकू आला नाही.

बुचाच्या बाटलीवर उष्णतेची खूण म्हणून ओघळ तरी दिसतो; फिरकीच्या झाकणाच्या बाटलीवर सहसा तीही दिसत नाही. तेव्हा अकोलेकरांनो, चकतीवरचा आकडा वाचण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा : ही बाटली मे महिन्यात कुठे होती?